साउथवेलचं गरीबघर आणि आमच्या चौघांची वाटणी

नदीकाठची | शनिवार, रात्री ९:४०

सासूबाई गेल्या महिन्यात गावाकडून आमच्याकडे नॉटिंगहॅमला आल्या. माहेर आटपाडीकडचं, सासर सांगलीचं, आणि परदेशात पहिल्यांदाच. दोन किल्ले, एक राजवाडा, तीन चर्चं दाखवून झाल्यावर त्यांनी जेवताना शांतपणे विचारलं, "राजं कुठं राहत हुतं ते समजलं. हितली गरीब माणसं कुठं राहायची?"

नवऱ्याने फोनवर शोधाशोध केली आणि गेल्या रविवारी आम्ही चौघं (मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि आई, म्हणजे सासूबाई) साउथवेलला तिथलं वर्कहाऊस, म्हणजे जुनं गरीबघर, बघायला गेलो. इथून वीस-बावीस किलोमीटर. गाव लहान. मोठं जुनं चर्च आहे आणि ब्रॅम्ली जातीचं सफरचंद मूळचं इथलं. कोणा ब्रेल्सफर्ड आडनावाच्या मुलीने १८०९ साली बी पेरलं, त्याचं झाड झालं. गावाची जाहिरात सगळी त्या सफरचंदाची. वर्कहाऊस गावाबाहेर, शेतांच्या मध्ये.

लांबून बघितलं तर कोणा गिरणीमालकाचा बंगला वाटेल. लाल विटांची तीन मजली इमारत, मधोमध पुढे आलेला भाग, दोन्ही बाजूंना पंख. बांधली १८२४ साली. आजूबाजूच्या ४९ गावांनी मिळून वर्गणी काढून बांधली आणि १५८ माणसं राहतील असा हिशोब केला. डोकं कोणाचं, तर जॉन थॉमस बीचर नावाच्या पाद्र्याचं. हे गृहस्थ न्यायदंडाधिकारीही होते आणि गावातल्या तुरुंगाच्या सुधारणेतही त्यांचा हात होता. (अवांतर: कवी बायरन पोरसवदा असताना याच गावात राहायचा. त्याच्या पहिल्या छापील कवितांमधली एक या पाद्रीबुवांना फार चावट वाटली, आणि त्यांच्या सांगण्यावरून बायरनने छापलेल्या प्रती जाळून टाकल्या. माणूस कसा होता ते यावरून कळावं.)

त्याआधी इंग्लंडच्या खेड्यांत गरिबाला घरी बसून मदत मिळायची. पाव, थोडे पैसे, सरपण, आजारपणात औषध. त्यासाठी गावातल्या जमीनवाल्यांवर कर बसे, आणि नेपोलियनशी लढाई संपल्यावर तो कर फारच वाढला. बीचरसाहेबांचं म्हणणं सोपं होतं. मदत हवी? जरूर. पण घरी मिळणार नाही, इथे येऊन राहावं लागेल. म्हणजे ज्याला खरंच गत्यंतर नाही तोच येईल.

आता मुद्दा. आत शिरल्यावर आधी तुमची वाटणी होते. गरीब एवढं पुरत नाही, कुठल्या प्रकारचे गरीब ते ठरायला हवं. म्हातारे आणि आजारी हे 'निर्दोष'. हातीपायी धड असलेले ते 'आळशी आणि उधळे'. मग बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, मुलं वेगळी. प्रत्येकाचं अंगण वेगळं, मध्ये उंच भिंत. जिने वेगळे. झोपायच्या खोल्या वेगळ्या. मधल्या भागात वर्कहाऊसचा मास्तर (शिक्षक नव्हे, कारभारी) राहायचा आणि त्याच्या खिडक्यांतून अंगणं दिसतात. मी त्या खिडकीत उभी राहिले. नवरा एका अंगणात, आई दुसऱ्या. दोघंही मला दिसत होते, पण एकमेकांना दिसत नव्हते. नवऱ्याने हाक मारली तर आई चारी दिशांना बघायला लागल्या.

१८३४ साली इंग्लंड आणि वेल्ससाठी गरिबांचा नवा कायदा झाला, तेव्हा साउथवेल हा त्याचा एक नमुना होता. इथे गरिबांच्या मदतीचा कारभार पाहिलेले जॉर्ज निकोल्स त्या कायद्याच्या तीन आयुक्तांपैकी एक झाले. त्या आयोगाने सात वर्ग ठरवून दिले. म्हातारे-अशक्त पुरुष. धडधाकट पुरुष आणि तेरा वर्षांवरचे मुलगे. सात ते तेराचे मुलगे. बायकांचे असेच तीन. आणि सातवा वर्ग सात वर्षांखालच्या पोरांचा.

आम्ही अंगणात उभं राहून हिशोब केला. नवरा दुसऱ्या वर्गात, मुलगा तिसऱ्या, आई चौथ्या, मी पाचव्या. एकाच गाडीतून आलेली चार माणसं चार भिंतींआड. मुलाने विचारलं, "मग मला झोपवणार कोण?" त्याला उत्तर दिलं नाही.

आईबापांना मुलं दिवसातून एकदा भेटवायची असा नियम नंतर आला. त्याला शब्द कोणता, तर 'मुलाखत'!

आणि हा तुरुंग नव्हता बरं का. तीन तासांची सूचना दिली की बाहेर पडता यायचं. अट एकच, कुटुंबवाल्याने अख्खं कुटुंब घेऊन जायचं. बायको-मुलं आत ठेवून एकट्याने काम शोधायला जायची सोय नाही. काम मिळालं नाही तर परत सगळ्यांनी दारात, परत कपडे उतरवून अंघोळ, परत गणवेश, परत वाटणी.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते जेवणाने. मी उपासमारीच्या गोष्टी ऐकायच्या तयारीने गेले होते. पण साउथवेलचं जेवण कंटाळवाणं असलं तरी पोटभर होतं. पाव, लापशी, बटाटे, आठवड्यातले काही दिवस मांस. बाहेरच्या शेतमजुराला मांस क्वचितच मिळायचं. नव्या कायद्याचं तत्त्व असं, की आतल्या माणसाची स्थिती बाहेरच्या सगळ्यात गरीब कष्टकऱ्यापेक्षा वाईटच असली पाहिजे. पण बाहेरचा मजूर आधीच अर्धपोटी! त्याच्याहून कमी द्यायचं तर माणसं मरतील. मग वाईट काय करायचं? ते काम भिंतींनी केलं. पोटाला द्यायचं, पण माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं. खर्च शून्य. विटा एकदाच घ्याव्या लागतात.

शेवटी एका खोलीत टेबलावर जुन्या जहाजी दोराचे तुकडे ठेवले होते. डांबर लागलेला दोर बोटांनी उसवून त्याचा काथ्या करायचा, तो जहाजाच्या फटी बुजवायला जायचा. आईंनी एक तुकडा हातात घेऊन पीळ सोडवून बघितला. दोन मिनिटांत बोटं काळी. मग तिथल्या स्वयंसेवक बाईंनी बाहेर खडी फोडण्याचंही सांगितलं. मी भाषांतर केलं. आई म्हणाल्या, "खडी तर आमीबी फोडली की, बाहत्तर सालात. पर रात्री घरी यायचो."

गाडीत बसेपर्यंत पुढे काही बोलल्या नाहीत. इथे कोणी असं काही बघितलंय का? आपल्याकडे अशी घरं होती का?

---

मोरपंखी | शनिवार, रात्री १०:०५

शेवटचं वाक्य वाचून थांबले. बाकी सविस्तर उद्या. आजींना नमस्कार सांग.

---

खडूस_मास्तर | शनिवार, रात्री ११:१२

लेख चांगला, पण इंग्रजांना झोडपताना आपलं अंगण बघावं.

१८२४ म्हणजे पेशवाई जाऊन सहा वर्षं. त्याआधी पुण्यात दरवर्षी श्रावणात दक्षिणा वाटली जायची, पर्वतीजवळच्या रमण्यात. हजारो ब्राह्मणांना आत घ्यायचं, दारं लावायची आणि दक्षिणा हातात देऊन एकेकाला बाहेर सोडायचं, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. त्या दाराशी इतर जातीचा भुकेला उभा राहिला तर त्याला काय मिळणार होतं? इंग्रज आल्यावर त्या दक्षिणेतला काही भाग १८२१च्या विश्रामबागेतल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला, आणि मग बदलत बदलत त्यातून कॉलेज उभं राहिलं.

म्हणजे तिकडे चारित्र्य बघून वाटणी, इकडे जात बघून. निदान साउथवेलच्या लापशीला अर्ज करताना कुळी विचारत नव्हते.

---

नदीकाठची | शनिवार, रात्री ११:३०

मास्तर, कुळी नाही पण गाव विचारायचे! ४९ गावांपैकी कुठल्या गावावर तुमचा हक्क आहे हे आधी सिद्ध करावं लागे. नाहीतर तुम्हाला तुमच्या 'हक्काच्या' गावी पाठवून देत. रमण्याचं उदाहरण मात्र मान्य, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

जास्वंद | रविवार, सकाळी ७:२०

म्हाताऱ्या जोडप्यांनाही वेगळं ठेवायचे का? चाळीस वर्षं संसार केलेल्यांना?

---

नदीकाठची | रविवार, सकाळी ९:०२

हो, ठेवायचे. त्यावर इंग्लंडमध्येच बरीच ओरड झाली. १८४७च्या कायद्यात साठीवरच्या नवरा-बायकोला वेगळं राहायची सक्ती करता येणार नाही असं कलम आलं. पण कलम येऊन काय, इमारतीत तशी खोलीच नव्हती. मोठाल्या दालनांत ओळीने खाटा. त्यात दोघांनी राहायचं कुठे?

---

वेदांग | रविवार, सकाळी ९:४५

भाषेचा मुद्दा. 'गरीबघर' हा शब्द मला पटत नाही. अन्नछत्र, धर्मशाळा, सदावर्त हे आपले शब्द आहेत. वर्कहाऊससाठी 'कामगृह' किंवा 'दरिद्रालय' का नको?

---

खडूस_मास्तर | रविवार, सकाळी १०:१०

दरिद्रालय! हाहा. पाटी लावली तर आत जायला लोक घाबरतील. बीचरसाहेबांना नेमकं तेच हवं होतं म्हणा.

वेदांग, अन्नछत्रात जेवून माणूस निघून जातो. धर्मशाळेत तीन रात्री राहतो, आणि बायको-पोरांसकट राहतो. 'आधी आत या, मग तुम्हाला वेगळं करतो' हे आपल्या कुठल्याच शब्दात बसत नाही. म्हणून वर्कहाऊसच बरं.

---

कोकणकडा | रविवार, सकाळी ११:३३

मी नॉर्फोकमध्ये राहतो. आमच्याजवळ ग्रेसनहॉलला असंच खेड्यातलं वर्कहाऊस आहे, आता संग्रहालय. ते साउथवेलच्याही आधीचं, १७७७ सालचं. सुरुवातीला त्याला 'उद्योगगृह' म्हणायचे आणि तिथे कुटुंबं एकत्र राहायची. नवरा, बायको, पोरं एका खोलीत. मग १८३४चा कायदा आला आणि त्याच इमारतीत वाटणी झाली, अंगणात भिंती उभ्या राहिल्या.

दोनदा गेलोय. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी फक्त भिंतीच्या विटा बघत होतो. इमारत जुनी आणि भिंत नंतरची हे डोक्यात असलं की बघायची नजरच बदलते.

तिथलीच आणखी एक गोष्ट. लग्नाशिवाय आई झालेल्या बायकांना तिथे वेगळं जाकीट घालायला लावायचे, म्हणून त्यांना 'जाकीटवाल्या' म्हणत. १८३९ साली आयोगानेच असे अपमानाचे कपडे घालायला लावू नका असं पत्रक काढलं, तरी तिथली जाकिटं पुढे बरीच वर्षं चालू होती.

---

मोरपंखी | रविवार, दुपारी १:१५

सविस्तर लिहायला आले, आणि जाकिटाचं वाचून आधी लिहायचं ते विसरले.

१८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, सोडायचं तर सोडावं, असं आवाहन. पुढे त्यांनी यशवंतला दत्तक घेतलं तोही अशाच एका आईचा मुलगा. तिकडे सरकारी पैशातून जाकीट शिवून बाईवर शिक्का मारायचा, आणि इकडे स्वतःच्या घरात 'तुझं नाव आम्ही सांगणार नाही' असा शब्द द्यायचा. दोन्ही एकाच काळात.

मास्तर, आपलं अंगण बघायचं तर हेही बघा.

---

खडूस_मास्तर | रविवार, दुपारी १:४०

बघितलं. मान्य. (असं मी वर्षातून एकदाच म्हणतो.)

---

सरळसोट | रविवार, दुपारी ३:०५

सगळ्यांचे गळे दाटलेत म्हणून उलट बाजू मांडतो. पैसे कोणाचे होते? शेतकऱ्यांचे, करदात्यांचे. माणूस धडधाकट असेल आणि फुकट खायला येत असेल तर त्याला थोडा त्रास व्हायलाच हवा. नाहीतर काम कोण करेल? बीचरने तेच केलं. जेवण पोटभर दिलं, छप्पर दिलं, डॉक्टर दिला. वेगळं ठेवलं तर एवढं काय बिघडलं? होस्टेलात आपणही वेगळेच राहिलो.

---

नदीकाठची | रविवार, दुपारी ४:२०

होस्टेलात तुमचा मुलगा शेजारच्या इमारतीत रडत नव्हता.

आणि 'धडधाकट' म्हणजे कोण, ते बघा. दक्षिण इंग्लंडच्या खेड्यात हिवाळ्यात शेतमजुराला कामच नसायचं. हंगामात गव्हाच्या कापणीला त्याच माणसाला मिनतवारी करून बोलवायचे, आणि जानेवारीत तोच 'आळशी' ठरायचा. माणूस तोच, हातपाय तेच. त्याच्या वर्गाचं नाव ऋतूप्रमाणे बदलायचं.

आपणही सिग्नलला काच खाली न करता हेच म्हणतो, "हातपाय धड आहेत की, काम करायला काय झालं?" मीही म्हटलंय.

---

सरळसोट | रविवार, दुपारी ४:४८

हिवाळ्याचा मुद्दा माहीत नव्हता. तरी फुकट देण्याला माझा विरोध कायम.

---

अटलांटिकपार | रविवार, संध्याकाळी ७:३०

अमेरिकेतून. इथे याला 'पुअर फार्म' म्हणायचे, जिल्ह्याच्या मालकीचं शेत आणि त्यावर घर. म्हातारे, अपंग, वेडसर, अनाथ, सगळे तिथे. कल्पना इंग्लंडचीच, शेत इथलं.

पण इथली वाटणी आणखी वेगळी. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांचं घर एक, काळ्यांचं दुसरं, आणि काळ्यांचं बहुधा मागे, लहान आणि पडकं. मी व्हर्जिनियात राहतो. रिचमंड शहरात गोऱ्यांसाठीची मोठी इमारत यादवी युद्धाच्या तोंडावरची, आणि काळ्यांसाठी शेजारी वेगळी इमारत उभी राहिली १९०८ साली. दोन्ही अजून आहेत. खेड्यातली बहुतेक गेली, कारण तिथे लाकडी घरं होती. जमिनीत काही उरलं असेल तर ते दफनभूमीचं, आणि तिथेही रांगा वेगळ्या.

साउथवेलमध्ये 'तू कसा वागलास' यावरून अंगण ठरायचं, ते चूक असलं तरी म्हातारं झाल्यावर तुमचं अंगण बदलायचं. इथे जन्मतानाच ठरलेलं, आणि त्याला निवृत्ती नाही.

१९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हाताऱ्यांना पैसे देऊ केले, पण सरकारी गरीबघरात राहणाऱ्याला ते मिळणार नाहीत अशी अट होती. त्यामुळे लोक बाहेर पडले आणि ही घरं हळूहळू रिकामी झाली. मात्र त्याच कायद्याच्या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकाम करणारे सुरुवातीला वगळले होते. दक्षिणेत ही दोन कामं कोण करत होतं ते सांगायला नको.

---

उंबरठा | रविवार, रात्री ९:५०

आपल्याकडे होती का, या प्रश्नाला उत्तर: होती, पण दुष्काळात उगवायची आणि पाऊस पडला की मोडायची.

१८७६-७७च्या दुष्काळात सरकारने मदतीची कामं काढली, आणि जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी गरीबखाने. डोक्यात कायदा इंग्लंडचाच. मदत मागणारा 'खरा' गरजू आहे की नाही याची परीक्षा घ्यायची. तिकडे परीक्षा वर्कहाऊसच्या दाराशी, इकडे घरापासून लांबच्या कामावर यायची तयारी आहे का ही परीक्षा. दुष्काळासाठी नेमलेल्या रिचर्ड टेंपल या सरकारी अधिकाऱ्याने तर माणशी एक पौंड धान्यावर दिवसभराचं काम भागतं असा हिशोब मांडला. मुंबई इलाख्यात लोकांनी त्याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, त्यातही परीक्षा आहेच.

गरीबखान्यात मोठा प्रश्न शिजवलेल्या अन्नाचा. परक्या हातचं, कोणाच्या पंगतीत, कोणत्या जातीच्या आचाऱ्याचं? लोक उपाशी राहायचे पण आत यायचे नाहीत. म्हणजे सरकारने आत भिंत घालायची गरजच नव्हती, माणसं घरून घेऊन यायची.

त्याच दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरहून जोतिरावांना पत्रात दुष्काळाची हालहवाल कळवत होत्या.

आता भिंतीविरुद्ध लिहिणाऱ्या सगळ्यांना एक अडचणीची गोष्ट. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेली बाई. सरकारी गरीबखान्यांत आणि छावण्यांत त्यांनी बघितलं की तरुण मुलींना तिथे राखणच नाही, आणि राखण करणारेच त्यांचा गैरफायदा घेतात. हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केलं आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुढे त्यांचा केडगावचा आश्रम उभा राहिला. त्या मुलींना वेगळी, बंद होणारी खोली मिळाली असती तर ती चैन झाली असती.

---

नदीकाठची | रविवार, रात्री १०:२५

उंबरठा, हे मी दोनदा वाचलं. मी कालपासून भिंत म्हणजे वाईट असं धरून चालले होते. कडी कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही. साउथवेलमध्ये कडी मास्तरच्या बाजूला होती.

---

जास्वंद | रविवार, रात्री १०:४०

आणि मास्तर वाईट निघाला तर?

---

कोकणकडा | रविवार, रात्री ११:०५

अँडोव्हर. हॅम्पशायरमधलं वर्कहाऊस, १८४५. तिथे कामं हाडं कुटायची होती, खतासाठी. मास्तर जुना फौजी, जेवणात चोरी करायचा. भुकेली माणसं कुटायला आणलेल्या हाडांतला कुजका मगज चोखत होती, त्यावरून भांडत होती. वर्तमानपत्रात आलं, संसदेने चौकशी नेमली, आणि १८४७ साली अख्खा आयोगच मोडून नवं मंडळ आणलं. जास्वंद, तुमचं साठीवरच्या जोडप्यांचं कलम त्याच वर्षीचं.

---

पाणकोंबडी | सोमवार, सकाळी ८:१५

आतापर्यंत फक्त वाचत होते. मी समाजकार्याचं शिक्षण घेताना आपल्याकडच्या एका भिक्षेकरी गृहात काही महिने काम केलं, जागा सांगत नाही. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९चा. भीक मागताना सापडलं तर पहिल्यांदा एक ते तीन वर्षं आत, पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तिथल्यापुरती याची मुख्य कलमं रद्द केली.

आमच्याकडे एक जोडपं आणलं होतं, एकाच फुटपाथवरून, एकाच गाडीतून. पुरुषांचा विभाग वेगळा, बायकांचा वेगळा. काका रोज सकाळी मला विचारायचे, "तिनं चहा घेतला का?" ती साखर जास्त घालते आणि तिला साखरेचा आजार आहे, म्हणून. मी जाऊन बघून यायचे आणि सांगायचे. माझी पोस्टिंग संपल्यावर कोणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे.

सात वर्ग वगैरे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. रजिस्टरमध्ये रकाने होते, तेवढेच.

---

सरळसोट | सोमवार, सकाळी ९:३०

वाचलं. माझा होस्टेलचा मुद्दा मागे घेतो.

---

वेदांग | सोमवार, सकाळी ११:००

धागाकर्तीला प्रश्न. साउथवेल बंद कधी झालं? आणि आजींना विचारा, १९७२ला काम गावापासून लांब असेल तेव्हाही रात्री घरी येणं जमायचं का? माझे आजोबा तलावाच्या कामावर महिनामहिना तिथेच राहायचे म्हणत.

---

नदीकाठची | सोमवार, रात्री ९:१५

बंद होणं हळूहळू झालं. १९३० साली ही सगळी घरं जिल्हा परिषदांकडे गेली, १९४८ला जुना कायदाच संपला. साउथवेलचं नाव बदलून 'ग्रीट हाऊस' केलं, जवळच्या नदीवरून. वृद्धांचं निवासस्थान झालं. पण एका भागात १९७६पर्यंत बेघर आयांना मुलांसह तात्पुरतं ठेवायचे, एका आईला एक खोली. नॅशनल ट्रस्टने १९९७ला इमारत घेतली, २००२ला लोकांसाठी उघडली. ती सत्तरच्या दशकातली खोली तशीच मांडून ठेवली आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त लागली, कारण त्या काळात वाढलेली माणसं अजून आहेत. जुन्या इमारतीत आईला आणि पोराला एका दाराआड राहू द्यायला दीडशे वर्षं लागली, तेही नवऱ्याला बाहेर ठेवून.

तुमचा दुसरा प्रश्न आईंना विचारला. भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, नाही, सगळ्या कामांवरून घरी यायला मिळायचं नाही. पाझर तलावाचं काम सहा-सात कोसांवर होतं तेव्हा तिथेच पाल टाकून राहिले. चार काठ्या, वर वाकळ. त्यांची आई, वडील, त्या, दोन भाऊ. सुकडी मिळायची ती सगळे एका परातीत घेऊन बसायचे. धाकटा भाऊ सुकडीला कंटाळला होता, त्याला वडील गोष्ट सांगत भरवायचे. "पाल गळायचं," म्हणाल्या, "पर आमचं हुतं."

मग तवा उतरवून म्हणाल्या, त्या गोऱ्या बाईंना एक विचारायचं राहिलं. रात्री पोरांच्या खोलीत कोणी रडलं, तर आयांच्या खोलीत ऐकू जायचं का?

मला माहीत नाही. तिकिटाऐवजी वर्षभराचं सभासदत्व घेतलंय, तेव्हा येत्या रविवारी परत जातोय. मुलाला वरच्या खोलीत उभं करून हाक मारायला सांगणार आहे.